आधी खोट शोधा, मग खरेदी

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारलेला आहे. काम मनासारखं उतरत नाही, तर दोष हत्याराचा की माझा? ‘सगळं कलाकाराच्या हातात असतं’ हे उत्तर ऐकायला गोड असलं तरी अर्धवट आहे. हत्याराला मर्यादा असते आणि ती मोजता येते. आपण त्या मर्यादेला खरंच टेकलो आहोत का, एवढंच तपासायचं असतं. म्हणून यावेळी प्रत्येक उत्तरात हिशेब मांडला आहे.

प्रश्न : मी दोन वर्षं लग्नाचे फोटो काढतो. २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर आहे आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स. उघड्यावर फोटो छान येतात, पण मंगल कार्यालयात हललेले आणि दाणेदार येतात. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा हप्त्यावर घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

आत्ता घेऊ नका. आधी बिघडलेले वीस फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येकाचे आकडे बघा. बहुतेक ठिकाणी एफ/५.६ (लेन्स किती उघडली; आकडा लहान तेवढी जास्त), आयएसओ १६०० (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) आणि शटर १/३० (उजेड किती सेकंद आत येतो) असं काहीतरी दिसेल. किट लेन्स, म्हणजे सोबत आलेली लेन्स, ५५ वर नेली की ती एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. १/३० सेकंदात तुमचा हात हलतो आणि नवरीची मानही वळते. ते टाळायला आयएसओ ६४०० केला की दाणे येतात. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच जागेवरून निघतात, आणि ती जागा लेन्स आहे.

५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. ती एफ/२ वर ठेवलीत तर एफ/५.६ च्या जवळजवळ ८ पट उजेड आत येतो. त्याच कार्यालयात, त्याच दिव्यांखाली तुम्हाला १/१०० शटर आणि आयएसओ ८०० मिळेल. फुल फ्रेमने दाण्यांत साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुपटीचा फायदा होतो. आठपट कुठे आणि दुप्पट कुठे! शिवाय फुल फ्रेमसोबत येणारी लेन्सही बहुधा अशीच कमी उघडणारी असते.

शटर १/१०० सांगितलं त्याला कारण आहे. आपल्याकडची वीज ५० सायकलची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२५० केलंत की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, एका फोटोत चेहरा पिवळा तर पुढच्यात हिरवट. पुष्कळ जण हा कॅमेऱ्याचा बिघाड समजून तो दुरुस्तीला टाकतात. १/१०० किंवा १/५० वर पट्टे जातात. मंगलाष्टकांच्या वेळी सगळे उभेच असतात, त्यामुळे १/१०० पुरतं. हवेतल्या अक्षतांच्या बारीक रेघा उमटतील, त्या उमटू द्या.

आता तुमच्या पायांचा भाग. १५ फुटांवरून या लेन्सच्या चौकटीत सुमारे ७ फूट रुंदी बसते आणि एफ/२ वर नीट दिसणारी खोली सुमारे २ फूट असते. अंतरपाटाच्या बाजूला अगदी काटकोनात उभे राहिलात तर नवरा, अंतरपाट, नवरी आणि तिच्या पाठीशी उभा असलेला मामा हे सगळे एका रेषेत येतात आणि स्पष्ट दिसतात. दोन पावलं तिरके सरकलात की मामा धूसर. कॅमेरा कितीही भारी असला तरी ही दोन पावलं तो चालणार नाही.

कुटुंबाच्या मोठ्या गटाला मात्र एफ/२ चालत नाही. तिथे एफ/५.६ आणि डोकं वर वळणारा फ्लॅश लागतो. फ्लॅश छताकडे फिरवण्याआधी छत बघा. केशरी किंवा गुलाबी कापडाचा मांडव असेल तर तोच रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. मग फ्लॅशच्या मागे पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबराने अडकवा आणि उजेड त्यावरून पुढे टाका. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे मिसळलेल्या दिव्यांचा रंग नंतर सावरता येतो.

नवा कॅमेरा घ्यायचं एक चोख कारण आहे. दोन मेमरी कार्डांचे खण. लग्न पुन्हा लागत नाही, आणि कार्ड कधीतरी दगा देतंच. कामं वाढली की त्या कारणासाठी जरूर घ्या. त्याआधी एका लग्नापुरता तो भाड्याने आणा, आणि तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स लावून दोन्हींनी एकाच जागेवरून फोटो काढा. शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

प्रश्न : आमचा जॅकार्डचा (कार्डांवरून नक्षी विणणारा) माग आहे. वॉल हँगिंगवर माणसाचा चेहरा विणायचा आहे. हाताने ग्राफ भरला तर चेहरा लांबट आला आणि डोळे मेल्यासारखे दिसले. संगणकावर डिझाइन करणारं सॉफ्टवेअर घेतलं तर हे सुधारेल का?
— एक वाचक, अशोक चौक

लांबट चेहरा सुधारेल. डोळे सुधारणार नाहीत. दोन्ही दोष वेगळे आहेत, म्हणून वेगवेगळे बघू.

तुमचा माग ४०० हुकांचा (एक हुक एक उभा धागा उचलतो), उभे धागे इंचाला ४० आणि आडवे ३० असं धरू. ४०० हुकांत १० इंच रुंदी होते. १० इंच उंचीला ३०० आडवे धागे, म्हणजे एका रंगाच्या बाण्याला ३०० कार्डं (भोकं पाडलेले पुठ्ठे). कापडावर चौरस हवा असेल तर ग्राफवर ४०० घरं रुंद आणि ३०० घरं उंच असा आडवा आयत भरावा लागतो. साध्या चौरस ग्राफवर ३०० बाय ३०० चं गोल काढलंत, तर ते कापडावर साडेसात इंच रुंद आणि १० इंच उंच उतरणार, म्हणजे अंडं. तुमच्या चेहऱ्याचं तेच झालं असणार. यावर उपाय ४ : ३ मापाने छापलेला ग्राफ कागद. सॉफ्टवेअरला इंचाचे दोन्ही आकडे दिले की तेही हेच गणित करून देतं.

पण हे आकडे कागदावरचे नसावेत, तुमच्या मागावरचे असावेत. तयार कापड मागावरून उतरवून, रात्रभर सैल ठेवून, मग भिंगाखाली इंचभरातले धागे मोजा. कापड गुंडाळणारा रोलर जरा घसरत असेल तर कापड कमी ओढलं जातं, ३० ऐवजी ३३ धागे बसतात, आणि तीच ३०० कार्डं १० ऐवजी ९.१ इंचच लांबी देतात. मग ग्राफ कितीही अचूक असो, चेहरा चपटा होणारच. रोलरवरचं खरखरीत पत्र्याचं किंवा रबराचं आवरण झिजलं आहे का आणि ताण्याच्या बीमावरचा ताण सकाळ-संध्याकाळ सारखा राहतो का, हे आधी बघा. सॉफ्टवेअरपेक्षा हा खर्च फार कमी आहे.

आता डोळे. चेहऱ्याची रुंदी ५ इंच धरली तर ती २०० धाग्यांची. चेहरा साधारण पाच डोळ्यांएवढा रुंद असतो, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला ४० धागे आणि बुबुळाला जेमतेम १६. छटा दाखवायला तुम्ही ८ धाग्यांची साटीन वीण वापरत असाल. १/७ (एक धागा वर, सात खाली) पासून ७/१ पर्यंत तिच्या ७ छटा मिळतात. गालावर, कपाळावर त्या सुंदर दिसतात, कारण तिथे वीण पुन्हापुन्हा यायला जागा आहे. १६ धाग्यांच्या बुबुळात ती दोनदाच येते. दोनदा आलेली वीण डोळ्याला छटा म्हणून वाचता येत नाही, नुसती राखाडी चिखलासारखी दिसते. सॉफ्टवेअर फोटोवरून आपोआप रूपांतर करतं तेव्हा तेही इथे हेच करतं, आणि वर सुटे ठिपके टाकतं.

म्हणून डोळ्यांपुरती छटा सोडून द्या. वरच्या पापणीची रेघ ३ घरं जाड, सलग गडद. बुबुळ सलग गडद. त्यात चमकेची ३ बाय २ घरांची एकच पांढरी चौकट, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. खालच्या पापणीला रेघ नको, नुसती तुटक सावली. हे प्रत्येक घर माणसानेच ठरवायचं असतं, मग ते पेन्सिलीने भरा की माऊसने.

सलग गडद भागात मोकळा धागा किती लांब सुटतो याकडे लक्ष असू द्या. इंचाला ४० धागे असताना १२ धाग्यांवरून मोकळा गेलेला धागा साडेसात मिलिमीटर भरतो. बांगडीत, अंगठीत अडकून तो ओढला जाणारच. ७ ते ८ धाग्यांनंतर एक टाका बांधा, आणि हे टाके एकाखाली एक येऊ देऊ नका, नाहीतर बुबुळात उभी रेघ दिसते.

सगळी कार्डं पाडण्याआधी फक्त डोळ्यांची २ इंचांची पट्टी विणा. ६० कार्डांचं काम आहे. ती भिंतीला लावून ६ फुटांवरून बघा. मागाजवळ उभं राहून कधीच ठरवू नका, कारण गिऱ्हाईक ते तिथून बघणार नाही. पट्टीत डोळा जिवंत दिसला की पुढची कार्डं. जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास आपलं यंत्र पुढे आणलं तेव्हापासून कार्डाने एकच काम केलं आहे. कोणता धागा उचलायचा हे मागाला सांगायचं. संगणक तेच काम झटपट करतो. महिन्याला आठ-दहा नवी डिझाइनं निघत असतील तर सॉफ्टवेअर जरूर घ्या, वेळ वाचेल. वर्षाला दोन-तीनच निघत असतील तर हाताचा ग्राफ पुरेसा आहे.

प्रश्न : मी घरी जलरंगात चित्रं काढते. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) कधीच एकसारखा येत नाही, पट्टे पडतात आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे काठ उमटतात. महागडे ब्रश घ्यावेत का?
— एक वाचिका, होटगी रोड

ब्रश सर्वांत शेवटी. जलरंगात पैशाचा क्रम ठरलेला आहे : आधी कागद, मग रंग, मग ब्रश. शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएम कागद पाणी पोटात धरून ठेवतो. साधा ड्रॉइंगचा कागद ते वरच ठेवतो, म्हणून ब्रशची प्रत्येक फेर वेगळी वाळते आणि पट्टा दिसतो. इथे मात्र साधनाचाच दोष असतो, आणि ‘सराव करा’ असं सांगून कुणाला वर्षभर वाईट कागदावर झुंजत ठेवणं अन्यायाचं आहे.

तरी खात्री करून घ्या. एक चांगला आणि एक नेहमीचा तुकडा शेजारी चिकटवा, आणि त्याच रंगाचा, त्याच ब्रशने, त्याच पाच मिनिटांत दोन्हींवर वॉश द्या. चांगल्यावर नीट आला तर दोष कागदाचा. दोन्हींवर पट्टे आले तर पुढचं वाचा.

सोलापूरचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी, डोक्यावर पंखा. वॉश खालपर्यंत पोचायच्या आत वरचा काठ वाळलेला असतो. त्या अर्धवट ओल्या जागी पुन्हा पाणी भरलेला ब्रश लागला की पाणी रंगाचे कण ढकलत नेतं आणि गड्ड्यासारखा काठ उमटतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी ६ ते ८ मध्येच वॉशचं काम करा, पंखा बंद ठेवा. कागदाची मागची बाजू स्पंजने भिजवून पाच मिनिटं थांबा, मग तो काचेवर किंवा सनमायकाच्या फळीवर पसरा. खालून ओल असल्याने वाळायला बराच जास्त वेळ मिळतो. फळीच्या वरच्या कडेखाली दोन इंचांचा आधार द्या, म्हणजे रंगाचा थेंब कडेला जमून खाली सरकत राहील.

११ बाय १५ इंचांच्या कागदाला निदान दोन मोठे चमचे रंग आधीच कालवून ठेवा. मध्येच रंग संपला तर वॉश गेलाच म्हणून समजा. १२ नंबरचा गोल किंवा दीड इंची चपटा ब्रश घ्या, डावीकडून उजवीकडे एक ओळ, पुढची ओळ थेंबाला जेमतेम शिवून. झालेल्या भागाकडे परत जायचं नाही, तिथे डाग दिसला तरी. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर ते बंद करा, क्षारांमुळे काही रंगांचे कण गोळा होतात. प्यायचं गाळलेलं पाणी घ्या.

रंगांच्या बाबतीत २४ स्वस्त ट्यूबांऐवजी पाच चांगल्या : एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन (गर्द निळा), एक हिरवट झाकेचा निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). स्वस्त रंगात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त, म्हणून ओला असताना उजळ दिसणारा रंग वाळला की मरगळतो. भुईकोट किल्ल्याच्या दगडाचा काळा ट्यूबमधून घेऊ नका. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा. सावलीत निळा जरा जास्त, उन्हात तांबूस जास्त, आणि तटबंदी एकाच रंगाची न दिसता दगडाची दिसेल.

प्रश्न : नान्नजला (सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्यात) काळवीट आणि पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. माझ्याकडे १८-५५ लेन्सच आहे. कौशल्याने भागेल का?
— एक विद्यार्थी, बार्शी

जवळच्या फोटोसाठी नाही भागणार. काळविटाची खांद्यापर्यंतची उंची सुमारे ८० सेंटिमीटर. १०० मीटरवरून ५५ च्या लेन्सने २४ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरवर तो जवळपास ११० पिक्सेल उंच पडतो, आणि पूर्ण फोटो ४००० पिक्सेल उंच असतो. ३०० च्या लेन्सने ६०० पिक्सेल, ६०० च्या लेन्सने १२००. हे गणित कुठल्याही प्रतिभेला बदलता येत नाही. अंतर कमी करायला गवतात घुसणं हा उपाय नव्हेच. माळढोकासारखा पक्षी अगदी थोडा उरला आहे, त्याला उठवून मिळालेल्या फोटोची किंमत त्याने मोजलेली असते. ठरवून दिलेल्या रस्त्यावरच राहा.

भाड्याने ३०० किंवा ६०० मिळाली तर सकाळी आठच्या आत काम उरका. ऊन तापलं की माळरानावरची हवा थरथरते, आणि लांब लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. प्राण्याची कड पाण्यात बघितल्यासारखी दिसते. लेन्स खराब म्हणून ती परत देणारे बहुतेक जण दुपारी गेलेले असतात. शटर १/१००० ठेवा, गाडीचं इंजिन बंद करा आणि खिडकीच्या काठावर दोन किलो ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्या घळीत लेन्स टेकवा. गाडीत ट्रायपॉडपेक्षा ती बरी.

आणि तुमच्या १८-५५ ने? उगवतीला कळप लहानसा, भोवती पिवळं गवत आणि मोठं आकाश. हा फोटो ६०० च्या लेन्सला घेता येत नाही. उजेड प्राण्यांच्या मागे असू द्या, म्हणजे शिंगांचे पीळ कडेने स्पष्ट दिसतील.

प्रश्न : गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) मोबाइलवर नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पूर्ण येत नाहीत, आले तर मागे झुकलेले दिसतात. शोभेच्या दारूकामाचे फोटो तर नुसते पांढरे गोळे येतात.
— एक वाचक, दक्षिण कसबा

मोबाइल वर वाकवल्यामुळे काठी झुकलेली दिसते. नंदीध्वज ३० फुटांचा धरला तर ४० फूट मागे जा, मोबाइल उभा आणि अगदी सरळ धरा. काठी पूर्ण बसते. खाली रस्ता जास्त येतो, तो नंतर कापा. गर्दीत एवढं मागे जाता येत नसेल तर मिरवणूक जिथे रुंद चौकातून जाते ती जागा आधी हेरून ठेवा. पांढऱ्या बाराबंदीवर (बंदांच्या अंगरख्यावर) बोट टेकवून उजेडाची खूण थोडी खाली ओढा, नाहीतर कापडाच्या चुण्या पांढऱ्या धुक्यात जातात.

दारूकामाला मोबाइल ट्रायपॉडवर, प्रो मोडमध्ये आयएसओ ५० किंवा १००, शटर २ ते ४ सेकंद, फोकस हाताने अनंतावर, टायमर २ सेकंद. पहिल्या दहा मिनिटांतलेच फोटो स्वच्छ येतात, नंतर धूर साचतो. म्हणून वारा तुमच्या पाठीकडून मैदानाकडे जाईल अशा बाजूला आधीच जागा धरा.

प्रश्न : आमच्या गावात जन्मलेले हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून मोठे झाले. मग माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला चित्रकलेचं महागडं सामान कशाला?
— एक पालक, पंढरपूर

मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे आणि त्यांनी मुंबईत होर्डिंगं रंगवली, हे खरं. पण होर्डिंगसाठी लागणारे मोठे ब्रश, चढायला परांची आणि भरपूर रंग हे त्या कामाला योग्य असंच सामान होतं. तुमच्या मुलीलाही योग्य सामान लागेल, महाग नव्हे. एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली आणि जाडसर कागदांचा मोठा गठ्ठा द्या. ४८ रंगांच्या डबीपेक्षा गठ्ठा मोठा असणं महत्त्वाचं. कागद संपेल या भीतीने मूल लहान लहान आणि जपून काढायला लागतं.

पेन्सिल घेताना मागचं टोक बघा, शिसं लाकडाच्या बरोबर मधोमध असलं पाहिजे. एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनरमध्ये ते दरवेळी तुटतं. फरशीवर पडलेल्या पेन्सिलीचं शिसं आतल्या आत मोडतं आणि टोक केलं की तुकडा गळून पडतो. मुलगी दाबून काढते म्हणून तिला रागावण्याआधी पेन्सिल बदलून बघा.